चिंधी कोणाची? इतवारीची कतरण, भिक्खूंचे चीवर आणि टपालाने जाणारी गोधडी

इतवारी ही नागपूरची कापडाची पेठ. नावाप्रमाणे मुळात रविवारच्या बाजाराची जागा. बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, शनिवारी ही याच शहरातली तिची भावंडे. इथे आणि लागून असलेल्या गांधीबागेत ठोक कापडाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. दिवसभर तागे उलगडतात, मोजले जातात, कापले जातात. संध्याकाळी शटर पडताना दुकानांपुढे दुसराच बाजार पडलेला असतो: ताग्यांची टोके, टेलरकडची कतरण, साड्यांचे पुठ्ठ्याचे खोके, पॅकिंगची सुतळी, धान्याच्या दुकानांकडून आलेले फाटके बारदान. कामाचे ते भंगार वेचणाऱ्या बाया नेतात, उरलेले कचरागाडीत जाते.

या टाकलेल्या मालातून कापडी चित्रे, गोधड्या, शिवलेली कार्डे करता येतात. ती टपालाने एकमेकांना पाठवण्याची एक चळवळही जगात आहे, तिला मेल आर्ट म्हणतात. आपल्या मुलामुलींनी मोबाईलवर याचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि 'आपणही करू या' असे ती म्हणतात. करावेच. कसे करायचे ते पुढे सविस्तर सांगते. पण आपल्या वस्तीत हे काम सुरू करायचे तर सुई हातात घेण्याआधी एक प्रश्न समोर येतो आणि तो टाळून चालत नाही.

तो प्रश्न एका आजीने मला सरळ विचारला. विहारात महिला मंडळासोबत आम्ही जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडत बसलो होतो. आजी बराच वेळ नुसती पाहत होती. मग म्हणाली, "पोरी, हे फाटकं लुगडं तं आमाले इसरायचं होतं. तू ते भिंतीवर कायले लटकवून रायली?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. प्रश्न अगदी बरोबर होता.

फाटके कोणी नेसायला लावले

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी काय नेसावे, कशात जेवावे याचे नियम आहेत. वस्त्र मेलेल्या माणसाचे, जेवण फुटक्या भांड्यात, दागिने लोखंडाचे. म्हणजे फाटके आणि उतरलेले कापड ही आपल्या पूर्वजांची केवळ गरिबी नव्हती, ती लिहून ठेवलेली शिक्षा होती. नवे धडके कापड अंगावर दिसले तर गावात मार बसायचा, हे अनेक आत्मकथनांतून आपण वाचलेले आहे.

म्हणून आपल्या चळवळीत कपडा हा पहिल्यापासून राजकीय विषय राहिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण्याची जुनी पद्धत आणि जुने दागिने टाकून द्या. स्त्रियांनी तिथल्या तिथे लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली, तिथेही बाबासाहेबांच्या बोलण्यात स्वच्छ राहण्याचा आणि मुलांना शिकवण्याचा आग्रह होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घ्यायला लोक शुभ्र वस्त्रे घालून आले. नागपुरातल्या दुकानांतली पांढरी लुगडी त्या दिवसांत संपली होती, अशी आठवण जुनी माणसे सांगतात. ज्यांनी तेव्हा पोटाला चिमटा घेऊन पांढरे लुगडे घेतले, त्यांच्या घरात आपण आज चिंध्यांचे कौतुक घेऊन जातो, तेव्हा निदान एवढे माहीत असावे.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. आपला समाज कापड नेसणारा तसा कापड विणणाराही होता. मध्य प्रांतात महारांचा एक मोठा वर्ग जाडेभरडे सुती कापड विणत असे. तलम कापड कोष्ट्यांकडे, जाडे आपल्याकडे. गिरणीच्या स्वस्त कापडाने तो हातमाग मोडला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि विणणारे हात गिरणीत मजूर म्हणून शिरले. मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात शिरूच देत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याच्या तोंडाचा विटाळ इतरांना होईल. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या जातीला विणायला बंदी! 'तुम्हा लोकांना कापडातले काय कळते' असे कोणी म्हणाले तर हा इतिहास पुढे ठेवावा.

तथागतांनी चिंधीचे काय केले

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे विनयपिटकात सापडले. पंसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात पडलेली चिंधी. सुरुवातीच्या काळात भिक्खू अशाच चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून, रंगवून चीवर करत. पुढे वैद्य जीवकाला अवंतीच्या राजा पज्जोताकडून अतिशय तलम वस्त्र मिळाले, ते त्याने तथागतांना अर्पण केले आणि उपासकांनी दिलेले कापडही भिक्खूंना घेऊ द्यावे अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. ज्याला हवे त्याने पंसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने उपासकांचे वस्त्र घ्यावे.

इथे देवदत्ताचा प्रसंग आठवावा. त्याने पाच नियम सक्तीचे करण्याची मागणी केली, त्यात एक होता की भिक्खूंनी आयुष्यभर चिंध्यांचेच चीवर वापरावे. वरवर पाहता मागणी फार त्यागाची वाटते. तथागतांनी ती नाकारली. मनूने चिंधी लादली, देवदत्ताला ती धर्माच्या नावाने लादायची होती, आणि तथागतांनी दोन्ही वाटा सोडून ती निवडीवर ठेवली. स्मशानातले कापड मनूच्या नियमात माणसाला खाली ढकलते. तेच कापड भिक्खू स्वतःहून उचलतो तेव्हा त्याच्यापुढे राजाही हात जोडतो. कापड एकच आहे, बदलले ते ठरवणारे माणूस. आजीला मी हेच सांगितले. ती पूर्ण पटली असे मी म्हणणार नाही, पण पुढच्या रविवारी तिने स्वतःच्या पेटीतून एक खण काढून आणला.

विशुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी तेरा धुतांगे सांगितली आहेत, त्यातले पहिलेच पंसुकूलाचे. तिथे चिंध्यांचे तेवीस प्रकार मोजले आहेत आणि ती यादी वाचताना मला सारखी इतवारी दिसते. स्मशानातले, रस्त्यावरचे, उकिरड्यावरचे, उंदराने कुरतडलेले, वाळवीने खाल्लेले, गाईने चघळलेले, आगीत होरपळलेले, काठ कापलेले. त्यात एक प्रकार चक्क दुकानाच्या दारात पडलेल्या कापडाचा आहे. आणखी एक आहे ध्वजाचा, म्हणजे ज्यांनी ध्वज उभारला ते निघून गेल्यावर मागे राहिलेले त्याचे कापड. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर शहरभर उरलेल्या झेंड्या-पताकांचे काय करायचे, असा प्रश्न कार्यकर्त्यांना दरवर्षी पडतो. त्याला इतका जुना आधार आहे. माझे मत असे, की विरलेल्या पंचशील ध्वजाचे कापड नाल्यात जाण्यापेक्षा सन्मानाने धुऊन एखाद्या गोधडीच्या मधोमध बसलेले बरे. तरी आपल्या विहारातल्या भन्तेजींना विचारून मगच कात्री लावा. राष्ट्रध्वजाला मात्र कायद्याचे वेगळे नियम आहेत, त्याला हात लावू नका.

चीवराची रचनाही पाहण्यासारखी आहे. दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातली भातशेती पाहिली, बांधांनी आखलेली, चौकटीचौकटींची. त्यांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने कापडाचे तुकडे करून, मधे बांधासारख्या पट्ट्या घालून ते शिवले आणि तथागतांनी त्याच्या हुशारीची तारीफ केली. आजही भन्तेजींच्या चीवरावर त्या चौकटी दिसतात. अखंड कापड मिळाले तरी ते कापून पुन्हा जोडतात. भंडारा-गोंदियाकडची धानाची बांधी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे डिझाइन वेगळे समजावण्याची गरज नाही.

आणि एक प्रसंग कोसंबीचा. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजा चिडला, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, दुकान टाकणार? आनंदाने उत्तर दिले: ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. जुन्या चीवरांची पांघरुणे, जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी विरली की बारीक करून मातीत कालवून जमीन सारवू. राजाने खूश होऊन आणखी पाचशे दिली. कापडाच्या पुनर्वापराचा याहून नेमका आराखडा मला कुठल्या पर्यावरण संस्थेच्या अहवालात मिळालेला नाही.

टपालाचे अंग

मेल आर्टची गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. गेल्या शतकाच्या मध्यात न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन या कलावंताने कात्रणे, चित्रे, अर्धवट कोलाज मित्रांना टपालाने पाठवायला सुरुवात केली. घेणाऱ्याने त्यात भर घालून पुढे पाठवायचे. पुढे याचे जगभर जाळे झाले आणि काही अलिखित नियम ठरले. प्रदर्शनात परीक्षक नाही, फी नाही, जे येईल ते सगळे लावायचे, काही परत करायचे नाही, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सहभागींची नोंद पाठवायची. गॅलरीचा दारवान मधून काढून टाकला. पुरोहित मधून काढून टाकलेल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये.

हुकूमशहांना ती परकी वाटली नाही, धोक्याची वाटली. उरुग्वेच्या लष्करी राजवटीने १९७७ मध्ये क्लेमेंते पादिन आणि होर्हे काराबायो या दोन मेल आर्टिस्टना तुरुंगात टाकले. त्यांच्या सुटकेसाठी जगभरच्या कलावंतांनी पत्रेच पाठवली.

पण आपल्या कामाच्या सर्वात जवळचे उदाहरण चिलीचे आहे. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथे हजारो माणसे पकडली गेली, कित्येक पुन्हा दिसली नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोच्या गरीब वस्त्यांत एकत्र बसून पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रे शिवू लागल्या. यांना अर्पियेरा म्हणतात. रंगीत डोंगर, घरे, सूर्य, आणि मधे 'ते कुठे आहेत?' असे विचारणारा मोर्चा. काहींनी बेपत्ता माणसाच्याच शर्टाचा तुकडा लावला. चर्चच्या मानवाधिकार कार्यालयाने ती चित्रे विकत घेऊन देशाबाहेर पोचवली, त्यातून त्या घरांना दोन पैसे मिळाले आणि बाहेरच्या जगाला बातमी. कित्येक अर्पियेरांच्या मागे एक लहानसा खिसा शिवलेला असे, त्यात चित्रात काय आहे ते सांगणारी चिठ्ठी. गोधडी आणि पत्र एकाच वस्तूत. मला या सगळ्या विषयातली सर्वात उपयोगी युक्ती कोणती विचाराल तर तो खिसा.

आपल्याकडे टपालाची परंपरा काही लहान नाही. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी आले, पाव आण्याला. बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत; चळवळ कशी बांधली गेली हे त्यातून कळते. नागपूरच्या दीक्षा सोहळ्याची तयारी वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांशी पत्रव्यवहार करतच केली. त्याच वर्षी, २४ मे १९५६ ला, अडीच हजाराव्या बुद्ध जयंतीची दोन आणे आणि चौदा आणे किमतीची दोन तिकिटे डाक खात्याने काढली होती. बाबासाहेबांचे पहिले तिकीट १९६६ चे. जुन्या पत्रांवर ही तिकिटे घरात असतील तर ती कोलाजमध्ये चिकटवू नका. ती जपून ठेवायची वस्तू आहे.

आता करायचे कसे

कतरण दुकानदाराला विचारून घ्या. बहुतेक टेलर हसत देतात, पोतेभर. ज्या बाया तीच कतरण वेचून विकतात, त्यांच्या पोटावर पाय येणार नाही हे पाहा. शक्य असेल तर त्यांच्याकडूनच किलोने विकत घ्या. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत वेचक स्त्रियांचे संघटन करते. तिथून शिकण्यासारखे हे, की कचऱ्यावर पहिला हक्क तो उचलणाऱ्याचा असतो.

घरी आणून सुती आणि पॉलिस्टर वेगळे करा. शंका आली तर एक धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. गोधडीला आणि रंगाला सुती हवे. पॉलिस्टर चित्रात चमकदार तुकड्यासाठी चालते. मग सगळे गरम पाण्यात धुऊन वाळवा. कार्डासाठीच्या तुकड्यांना भाताची पेज लावून इस्त्री केली की ते कागदासारखे कडक होतात, कापायला सोपे जातात.

रंग विकत आणायची घाई नको. भिक्खूंना चीवर रंगवायला विनयात सहा जागचे रंग सांगितले आहेत: मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ. विदर्भात हे सगळे दाराशी आहे. फाल्गुनात पळसाची फुले, घरात हळद, कांद्याची टरफले, डाळिंबाची साल, बाभळीची साल. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवले तर रंग धरतो. काळ्यासाठी जुने खिळे किंवा लोखंडाचा भंगार गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबू द्या आणि हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडाला ते पाणी लावा, पक्का काळा येतो. हळद मात्र उन्हात उडते, तिच्या भरवशावर बॅनर करू नका. बॅनरवरून आठवले: फ्लेक्स हे कापड नव्हे, पीव्हीसी आहे. त्याच्या पिशव्या शिवा, पावसाळ्यात छपरावर घाला, पण जाळू नका, धूर विषारी असतो.

शिवण्यासाठी खाली जुन्या लुगड्याचे किंवा बारदानाचे अस्तर, वर तुकडे, आणि साधा धावदोरा. गोधडीचा सगळा जीव या एका टाक्यात आहे, आणि तो आपल्या आज्यांना येतो. शिकवणाऱ्या त्या, शिकणारे आपण. मुलांनीही बसावे. सुई बाईची असे कुठल्याही सुत्तात लिहिलेले नाही. आनंद चीवर स्वतः शिवत होता.

कार्डासाठी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा पोस्टकार्डाच्या मापाने, म्हणजे १४ बाय ९ सेंटीमीटर, कापा. एका बाजूला कापड शिवा, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद चिकटवा. अशी शिवलेली जाड कार्डे पोस्टकार्डाच्या दरात जात नाहीत, ती पाकिटात घालून पत्र म्हणून पाठवायची. काउंटरवर वजन करून तेवढे तिकीट लावा. टाचणी, स्टेपल, पत्र्याचा तुकडा आत नको. काउंटरवर माणसाकडून शिक्का मारून घेतला तर बरे.

काय शिवायचे? ज्याच्या त्याच्या मनावर आहे, पण सगळेच जण चक्र आणि पिंपळपान शिवू लागले की दहाव्या कार्डाला कंटाळा येतो. घराचा पत्ता शिवा. गिरणीतल्या आजोबांचा बिल्ला शिवा. अडकलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम आकड्यात शिवा. मात्र एक ध्यानात असू द्या, शिवलेले कार्ड हे निवेदन नव्हे. समाज कल्याण कार्यालयाला निवेदन द्यायचे तर ते टाइप करून, आवक क्रमांक घेऊनच द्या. कार्ड पाठवायचे ते माणसाला: दुसऱ्या वस्तीतल्या मंडळाला, तुरुंगातून सुटलेल्या कार्यकर्त्याला, शिकायला परगावी गेलेल्या मुलीला.

इतवारीला टाकाऊतून कला नवी नाही. तान्ह्या पोळ्याला इथून काळी-पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, बांबू-कागद-चिंध्यांचे, अंगावर राजकीय टोमणे लिहिलेले. त्यातल्या कर्मकांडाशी आपले जमत नाही, पण पुतळे करणाऱ्यांची कारागिरी पाहून या. फक्त ते सगळे शेवटी जळते. आपल्याला जपून ठेवायचे आहे.

नाव, वर्ष आणि मजुरी

अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या स्त्रिया शेतात घालायचे फाटके कपडे आणि पोती जोडून गोधड्या करत. १९६० च्या दशकात मताधिकारासाठी नाव नोंदवायला निघालेल्या या लोकांची नदीवरची नाव बंद करण्यात आली होती. १९६६ मध्ये त्या भागातल्या स्त्रियांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांच्या गोधड्या लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ मध्ये काही गोधडीवाल्या स्त्रियांना आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी, नावाच्या वापरासाठी न्यायालयात जावे लागले. पुढे ती प्रकरणे तडजोडीने मिटली. जपानमध्ये शेतकऱ्यांच्या ठिगळांच्या कपड्यांना बोरो म्हणतात. जे एकेकाळी लाजेने लपवले जाई, ते आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. शिवणाऱ्या बहुतेकींची नावे कोणालाच माहीत नाहीत.

आपल्याकडे हेच होऊ शकते. गोधडीची फॅशन आली आहेच. म्हणून पहिल्या दिवसापासून एक शिस्त ठेवा: प्रत्येक कामाच्या मागे कापडाची पट्टी शिवायची, तिच्यावर धाग्याने किंवा न जाणाऱ्या शाईने शिवणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, वस्ती, वर्ष, आणि कापड कोणाचे होते ते. चिलीच्या बायांसारखा खिसा केला तर त्यात लुगड्याची गोष्ट लिहून ठेवा. नाव 'महिला मंडळ' असे घालू नका. मंडळाला हात नसतात, माणसाला असतात.

विकायचे असेल तर तास मोजा. गोधडीला लागलेले तास गुणिले तुमच्या भागातली रोजमजुरी, त्यात सामान आणि प्रवास, ही सर्वात खालची किंमत. त्याखाली विकण्यापेक्षा भेट दिलेली बरी, निदान भेट म्हणून मान तरी राहतो. मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार स्टुडिओ' काढला. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याचे काम करणाऱ्यांच्या हाताला काम उरले नव्हते. त्यांच्यासोबत त्यांनी पुनर्वापराच्या रबरातून पिशव्या केल्या आणि शिवी म्हणून वापरले जाणारे जातीचे नाव ब्रँड म्हणून वर लावले. ते नाव लावावे का यावर आपल्यात दोन मते आहेत, मलाही ते सहज गिळता येत नाही. पण तिथे ते नाव लावायचे हे राजभर यांनी स्वतःहून ठरवले. देवदत्ताच्या गोष्टीतला मुद्दा इथेही लागू पडतो.

जपणुकीचे थोडे. गोधड्या प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, दमट होऊन बुरशी धरते. घडी न घालता सुती कापडात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळला पाला घाला, पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. आलेली कार्डे लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकीटही ठेवा, कारण तारखेचा शिक्का त्यावर असतो. विहारात एक कपाट यासाठी मिळवा. आपल्या विहारांत पुतळे पुष्कळ आहेत, कागद-कापड सांभाळणारे कपाट क्वचित दिसते.

वेळापत्रकही आपल्याकडे तयार आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, आश्विन पौर्णिमेला संपतो, आणि त्यानंतरच्या महिन्यात कठिन चीवरदान असते. कठिन हे नाव मुळात चीवर शिवताना कापड ताणून धरायच्या चौकटीचे. संघाने एकत्र बसून ते चीवर कापायचे, शिवायचे, रंगवायचे, आणि सगळे एका दिवसात, असा तो विधी आहे. वर्षावासाचे तीन महिने कतरण गोळा करणे, निवडणे, धुणे आणि रंगवणे यासाठी ठेवा. कठिनच्या महिन्यात एक रविवार ठरवून वस्तीची एक गोधडी एकत्र पुरी करा. उरलेल्या तुकड्यांची कार्डे करून अशी टाका, की ६ डिसेंबरच्या आत पोचतील. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता विसरू नका, उत्तर त्यावरच येणार आहे. इतवारीचा पिन ४४०००२.